मित्र तारा, प्रॉक्सिमा आणि त्यांचे ग्रह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रॉक्सिमाच्या ग्रहाबद्दल कुठे बातमी छापून आली, की पुण्यातल्या आकाशनिरीक्षकांकडे ठरावीक प्रश्नांची रांग लागते. एप्रिल-मे महिन्यांत त्यात आणखी एकाची भर पडते: "तो तारा इथून दिसतो का?" त्या सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आधी ताऱ्यांबद्दल, मग ग्रहांबद्दल आणि शेवटी प्रत्यक्ष निरीक्षणाबद्दल. फक्त बघायची घाई असेल तर थेट "पुण्यातून दिसतो का?" या प्रश्नावर उडी मारा.

मित्र म्हणजे नक्की कोणता तारा?

नरतुरंग तारकासमूहातला सर्वांत तेजस्वी तारा, अल्फा सेंटॉरी. शेजारचा निळसर तारा मित्रक, म्हणजे बीटा सेंटॉरी. दोघे आकाशात जोडीने दिसतात, पण एकमेकांशी त्यांचा काही संबंध नाही. मित्र सव्वाचार-साडेचार प्रकाशवर्षांवर आहे, तर मित्रक त्याच्या जवळजवळ नव्वदपट लांब.

हे तीन तारे आहेत की दोन?

तीन. नुसत्या डोळ्यांना जो एक मित्र दिसतो, तो अल्फा सेंटॉरी ए आणि बी या दोन ताऱ्यांचा एकत्रित प्रकाश असतो. तिसरा प्रॉक्सिमा सेंटॉरी. तो इतका मंद आहे की दुर्बिणीशिवाय दिसतच नाही.

ए हा सूर्याचा थोरला भाऊ शोभावा असा आहे: वस्तुमान सूर्याच्या १.०८ पट, तेज दीडपट, रंगही तसाच पिवळा. बी जरा नारिंगी, वस्तुमान ०.९१ पट आणि तेज साधारण निम्मं. प्रॉक्सिमा हा लाल बटू तारा. त्याचं वस्तुमान सूर्याच्या जेमतेम १२ टक्के आणि एकूण तेज सूर्याच्या दीड सहस्रांश आहे. वयाने ही मंडळी सूर्यापेक्षा थोडी मोठी, साधारण ५ ते ६ अब्ज वर्षांची.

यातल्या एका शोधाचा भारताशी संबंध आहे. मित्र हा जोडतारा आहे हे डिसेंबर १६८९ मध्ये जाँ रिशो या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूने पुदुच्चेरीहून एक धूमकेतू पाहताना टिपलं. प्रॉक्सिमा मात्र १९१५ साली जोहान्सबर्गला रॉबर्ट इनिस यांना सापडला.

त्यांच्यातली अंतरं किती? आकडे डोक्यात बसत नाहीत.

पृथ्वी-सूर्य अंतराला (खगोलीय एकक, पुढे ख.ए.) एक मीटर धरा. सूर्य मग नऊ मिलिमीटरचा, म्हणजे वाटाण्याएवढा होतो. या मापाने ए हा तारा शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यात ठेवला, तर बी त्याच्यापासून कधी ११ मीटरवर तर कधी ३६ मीटरवर, म्हणजे पटांगणातच फिरत राहील. प्रॉक्सिमा हा मोहरीएवढा दाणा खडकवासल्याच्या धरणाजवळ, १३ किलोमीटरवर असेल. आपला सूर्य थेट धुळ्याच्या आसपास, सरळ रेषेत २७६ किलोमीटरवर. आणि प्रॉक्सिमाचा तो गाजलेला ग्रह? मोहरीपासून पाच सेंटिमीटरवर.

खरे आकडे असे: ए आणि बी एकमेकांभोवती सुमारे ८० वर्षांत एक फेरी मारतात. कक्षा बरीच लांबुळकी आहे, त्यामुळे अंतर ११.२ ते ३५.६ ख.ए. असं बदलतं. १९५५ मध्ये दोघे सर्वांत जवळ होते, आता पुन्हा २०३५ मध्ये येतील. प्रॉक्सिमा या जोडीभोवती साधारण साडेपाच लाख वर्षांत एकदा फिरतो. तो खरंच त्यांच्याशी गुरुत्वाकर्षणाने बांधलेला आहे की वाटेवरचा पांथस्थ, यावर शंभर वर्षं वाद होता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या वेगाच्या अचूक मोजमापांनी तो बांधलेला असल्याचं दाखवलं.

प्रॉक्सिमा आपल्यापासून ४.२५ प्रकाशवर्षांवर आहे आणि ए-बी जोडी त्याहून किंचित दूर, साधारण ४.३५ वर. म्हणून "सर्वांत जवळचा तारा" हा मान प्रॉक्सिमाचा, आणि "डोळ्यांना दिसणारा सर्वांत जवळचा तारा" हा मित्राचा. अर्थात सूर्य सोडून.

दोन सूर्य असताना ग्रह टिकेल कसा? तो भिरकावला जाणार नाही का?

अंतरावर अवलंबून आहे. ए किंवा बी या एकाच ताऱ्याला चिकटून फिरणारा ग्रह सुमारे पावणेतीन ख.ए.च्या आत असेल, तर दुसरा तारा त्याला अब्जावधी वर्षं हलवू शकत नाही. त्याच्या बाहेर गेला की बीच्या दर ८० वर्षांच्या हेलकाव्यात कक्षा बिघडत जाते आणि ग्रह एक तर आदळतो, नाही तर बाहेर फेकला जातो. दोन्ही ताऱ्यांना मिळून प्रदक्षिणा घालणारा ग्रहही शक्य आहे, पण त्याला ८०-९० ख.ए.च्या पलीकडे राहावं लागेल. तिथे थंडीशिवाय काही नाही.

आता सोयीची गोष्ट अशी, की पाणी द्रवरूप राहू शकेल असा पट्टा एभोवती १.२ ख.ए.च्या पुढे सुरू होतो आणि बीभोवती तो ०.७ ख.ए.च्या आसपास येतो. दोन्ही पट्टे त्या पावणेतीनच्या मर्यादेत आहेत. म्हणजे असा ग्रह असेल तर तो टिकू शकतो. मुळात तो *तयार* होऊ शकतो का, हा वेगळा आणि अवघड प्रश्न आहे. ग्रह बनतात ते धूळ-वायूच्या चकतीतून, आणि शेजारचा तारा ती चकती ढवळत असेल तर दगड एकमेकांना चिकटण्याऐवजी फुटतात. यावर संशोधकांचं एकमत नाही.

अशा ग्रहावर रात्र होणारच नाही का?

होईल, पण वर्षातला काही काळ रात्री "दुसरा सूर्य" आकाशात असेल. एच्या ग्रहावरून बी दूर असतानाही आपल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे १६० पट आणि जवळ आल्यावर १,६०० पट उजळ दिसेल. आरामात पुस्तक वाचता येईल. उष्णता मात्र नगण्य: बी सर्वांत जवळ असतानाही पृथ्वीला सूर्यापासून मिळते त्याच्या अर्ध्या टक्क्याहून कमी. कथांमधून दाखवतात तसं दोन सूर्यांनी भाजून निघणं इथे घडत नाही.

गंमत म्हणजे तिथून प्रॉक्सिमा साडेचार प्रतीचा (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) एक साधा, फिका तारा दिसेल. आपला सूर्य शर्मिष्ठेत दिसेल, आकाशातल्या ठळक ताऱ्यांपैकी एक.

आजवर किती ग्रह सापडले?

नीट खात्री झालेले दोन, दोन्ही प्रॉक्सिमाचे.

प्रॉक्सिमा बी ऑगस्ट २०१६ मध्ये जाहीर झाला. चिलीतल्या ला सिया वेधशाळेतल्या ३.६ मीटर दुर्बिणीवरच्या हार्प्स वर्णपटमापकाने तो हुडकला. त्याचं वर्ष ११.२ दिवसांचं आणि वस्तुमान किमान पृथ्वीएवढं आहे. प्रॉक्सिमा डी २०२२ मध्ये एस्प्रेसो या अधिक अचूक उपकरणाने पकडला. त्याचं वर्ष ५.१ दिवसांचं, वस्तुमान पृथ्वीच्या पाव. तो पाण्याच्या त्या पट्ट्याच्या आतल्या कडेपेक्षाही ताऱ्याच्या जवळ, जास्त तापलेल्या बाजूला आहे.

यादीत कधीकधी प्रॉक्सिमा सी असतो, पाच वर्षांची कक्षा असलेला. त्याच्या अस्तित्वाबद्दल शंका आहे, त्यामुळे तो धरू नका.

पण अल्फा सेंटॉरी बीचा ग्रह २०१२ मध्येच सापडला होता ना?

जाहीर झाला होता, पण तो नाही. ३.२ दिवसांच्या कक्षेचा पृथ्वीएवढा ग्रह असल्याचा दावा होता. ग्रहाच्या ओढीने होणारा ताऱ्याचा डोल सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे रांगणाऱ्या बाळाहून जास्त नाही. २०१५ मध्ये त्याच नोंदी पुन्हा तपासल्यावर दिसलं, की निरीक्षणं ज्या ज्या रात्री झाली त्या वेळांच्या विषम अंतरातून आणि ताऱ्यावरच्या डागांच्या गोंगाटातून तो संकेत आपोआप उभा राहतो. जुन्या पुस्तकांत आणि काही स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत हा ग्रह अजून जिवंत आहे. खोडून टाका.

जेम्स वेब दुर्बिणीला एजवळ ग्रह दिसला, ते काय आहे?

उमेदवार. ऑगस्ट २०२४ मध्ये वेबच्या मध्य-अवरक्त कॅमेऱ्याने ए ताऱ्याचा प्रकाश झाकून त्याच्याजवळ एक ठिपका टिपला. वस्तुमान शनीच्या आसपास, ताऱ्यापासून अंतर साधारण दोन ख.ए. ही बातमी ऑगस्ट २०२५ मध्ये आली. अडचण अशी की फेब्रुवारी आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा पाहिल्यावर तो दिसला नाही. संशोधकांनी लाखो कक्षा संगणकावर चालवून पाहिल्या, तेव्हा साधारण निम्म्या शक्यतांमध्ये ग्रह त्या दिवसांत ताऱ्याच्या इतका जवळ सरकलेला असतो की न दिसणंच अपेक्षित. म्हणजे नसल्याचा पुरावा नाही, असल्याचाही अजून पक्का नाही.

तो खरा निघाला तर पट्ट्यात चक्क वायूचा गोळा आहे असं होईल. तिथे छोट्या खडकाळ ग्रहाला जागा उरणं कठीण. मग आशा धरायची ती त्याच्या उपग्रहांवर.

"वास्तव्ययोग्य पट्ट्यात आहे" म्हणजे तिथे राहता येईल?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज इथे होतो. हा पट्टा म्हणजे फक्त अंतराचं गणित: या अंतरावर, पृथ्वीसारखं वातावरण *असलं तर*, पाणी गोठणार नाही किंवा उकळून जाणार नाही. वातावरण आहे की नाही हे त्या गणिताला माहीत नसतं. आपला चंद्रही सूर्याच्या वास्तव्ययोग्य पट्ट्यातच आहे, हे लक्षात ठेवलं तरी पुरे.

हे गणित घरी करता येईल का?

दहावीच्या मुलांना जमेल असं आहे. साधा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर घ्या.

१. ग्रहाचं वर्ष पृथ्वीच्या वर्षांत मांडा: ११.१८६ ÷ ३६५.२५ = ०.०३०६.
२. त्याचा वर्ग: ०.०००९३८.
३. ताऱ्याच्या वस्तुमानाने (सूर्य = १) गुणा: ०.०००९३८ × ०.१२२ = ०.०००११४.
४. घनमूळ काढा: ०.०४८५. हे ख.ए.मधलं अंतर, म्हणजे सुमारे ७३ लाख किलोमीटर.
५. ताऱ्याचं एकूण तेज (०.००१५५) भागिले अंतराचा वर्ग (०.००२३५) = ०.६६. पृथ्वीला मिळते त्याच्या ६६ टक्के ऊर्जा.
६. ०.६६ चं वर्गमूळ, त्याचं पुन्हा वर्गमूळ: ०.९०. याला २५५ ने गुणा: २३० केल्विन, म्हणजे उणे ४३ अंश सेल्सिअस.

उणे ४३ वाचून दचकू नका. हेच सूत्र पृथ्वीला लावलं तर उणे १८ येतं. आपल्याला प्रत्यक्षात अधिक १५ मिळतात ते हवेच्या गोधडीमुळे. सूत्रातले २५५ पृथ्वीइतका प्रकाश परावर्तित होतो असं धरून आले आहेत. ग्रह काळाकुट्ट असेल तर उत्तर २० अंशांनी वाढतं.

चुका दोनच होतात. एक, पायरी ३ विसरली जाते आणि ग्रह दुप्पट लांब जातो. दुसरी जास्त छुपी: तेजाच्या जागी ताऱ्याचं *दृश्य* तेज टाकलं जातं. प्रॉक्सिमाचा बहुतेक प्रकाश अवरक्त आहे; डोळ्यांना दिसणारा भाग सूर्याच्या जेमतेम वीस हजारांश. तो आकडा टाकलात तर ग्रह गोठून दगड होतो, आणि दोष आकड्याचा असतो.

मग प्रॉक्सिमा बीवर जीवसृष्टी असण्याची शक्यता किती?

आकडा कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. काय काय आड येतं ते मात्र सांगता येतं.

पहिली अडचण ज्वालांची. प्रॉक्सिमा चिडखोर तारा आहे. मार्च २०१६ मध्ये त्याच्यावर एवढा भडका उडाला की काही क्षण तो साठपटीहून जास्त उजळून, अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांना दिसू शकेल अशा पातळीला पोचला. १ मे २०१९ च्या ज्वालेत काही सेकंदांत त्याचा अतिनील प्रकाश १४,००० पट झाला. ग्रह आहे ७३ लाख किलोमीटरवर, बुधाच्या अंतराच्या अष्टमांशाइतका जवळ. अशा माऱ्याने ओझोनचा थर उडतो आणि हलका वायू निसटत राहतो.

दुसरी अडचण बालपणाची, आणि ती जास्त गंभीर आहे. लाल बटू तारे जन्मल्यावर बराच काळ आजच्यापेक्षा कितीतरी जास्त तेजस्वी असतात. प्रॉक्सिमा बी आज जिथे आहे, ती जागा पहिली १० ते २० कोटी वर्षं पट्ट्याच्या आतल्या कडेच्याही अलीकडे, भट्टीच्या बाजूला होती. समुद्र असलेच तर त्यातलं बरंच पाणी वाफ होऊन गेलं असावं. उरलं असेल का, हे सुरुवातीला किती होतं यावर ठरतं. नंतर धूमकेतूंनी आणून दिलं असेल, हीही शक्यता आहेच.

तिसरी, एकच बाजू कायम ताऱ्याकडे असणं. इतक्या जवळच्या ग्रहाचं स्वतःभोवती फिरणं अडकून पडतं. याची भीती पूर्वी फार घातली जायची. आता मॉडेलं सांगतात की पुरेशी जाड हवा असेल तर वारे उष्णता पलीकडच्या बाजूला पोचवतात आणि ग्रह गोठत नाही. आमच्या मते तिन्हींत ही सर्वांत सौम्य अडचण आहे. वर्तमानपत्रं मात्र तिलाच मथळ्यात बसवतात.

लाल बटूंच्या ग्रहांवर हवा टिकते का, याचा थोडा अंदाज ट्रॅपिस्ट-१ या दुसऱ्या लाल बटू ताऱ्यावरून येतो. त्याच्या सर्वांत आतल्या ग्रहाचं तापमान वेबने २०२३ मध्ये मोजलं: दिवसाच्या बाजूला सुमारे ५०० केल्विन, म्हणजे जाड हवा नसल्याचं लक्षण. पण तो ग्रह खूपच तापलेला आहे, त्यामुळे त्यावरून प्रॉक्सिमा बीचा निकाल लावणं घाईचं होईल.

सर्वांत जवळचा ग्रह, तरी त्याची हवा तपासता का येत नाही?

कारण तो ताऱ्यासमोरून जात नाही. इतर ग्रहांची हवा बहुतेक वेळा अधिक्रमणात तपासतात: ताऱ्याचा प्रकाश हवेतून गाळून येतो आणि वर्णपटात वायूंच्या खुणा उमटतात. प्रॉक्सिमा बीची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत नाही. अधिक्रमण शोधायचे बरेच प्रयत्न झाले, हाती काही लागलं नाही. याच कारणाने त्याचं वस्तुमानही "किमान" एवढंच माहीत आहे. कक्षा कललेली असेल तर खरं वस्तुमान जास्त निघेल.

उरतो थेट फोटोचा मार्ग. ग्रह ताऱ्यापासून फार तर ०.०३७ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) दूर दिसतो आणि त्याच्याहून सुमारे एक कोटी पट मंद आहे. ६.५ मीटरच्या वेबला तेवढं वेगळं करणं झेपत नाही. चिलीत ३९ मीटर आरशाची दुर्बीण उभी राहते आहे. तिच्यासाठी हे अंतर सोडवण्याजोगं आहे. अवघड जाईल ते ताऱ्याचा झगमगाट दाबणं.

खोडदची जीएमआरटी प्रॉक्सिमाकडे वळवता येईल का?

नाही. नारायणगावजवळच्या जीएमआरटीच्या ३० अँटेना जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी आहेत, पण त्या क्षितिजापासून साधारण १७ अंशांच्या खाली वाकत नाहीत. त्यामुळे त्यांची दक्षिणेकडची हद्द उणे ५३ अंश क्रांतीला (म्हणजे आकाशातल्या विषुववृत्ताच्या दक्षिणेला ५३ अंशांवर) संपते. प्रॉक्सिमा उणे ६२.७ अंशांवर. तो खोडदहून उगवतो, पण अँटेनांच्या कवेत येत नाही.

प्रॉक्सिमाकडून आलेल्या रेडिओ संदेशाचं पुढे काय झालं?

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने २०१९ मध्ये ९८२ मेगाहर्ट्झला एक अरुंद संकेत नोंदवला होता. २०२१ च्या विश्लेषणात तो माणसाच्याच उपकरणांचा उपद्रव ठरला. विषय संपला.

तिथे जायला किती वर्षं लागतील?

व्हॉयेजर-१ च्या वेगाने (सेकंदाला १७ किलोमीटर) सुमारे ७५,००० वर्षं. पार्कर यानाचा सेकंदाला १९२ किलोमीटरचा विक्रम लावून काही जण साडेसहा हजार वर्षं सांगतात. ते फसवं आहे. तो वेग सूर्याजवळून जाताना सूर्याच्याच ओढीने मिळालेला आहे. लांब जाताना सूर्य तो वसूल करून घेतो. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ब्रेकथ्रू स्टारशॉटची कल्पना लेझरच्या झोताने काही ग्रॅमची शिडं प्रकाशाच्या २० टक्के वेगाने ढकलायची होती. त्यात वीसेक वर्षं लागतील. तसं लेझर आज कुठेही नाही.

मित्र पुण्यातून दिसतो का?

दिसतो, पण दक्षिणेचं क्षितिज मोकळं हवं. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश, ताऱ्याची क्रांती उणे ६०.८. म्हणजे तो जास्तीत जास्त साडेदहा अंश वर येतो. हात पूर्ण ताणून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची, तेव्हा एक मूठ मोजा. क्षितिजावर तो सात तास असतो, पण पहिले-शेवटचे तास धुरकट हवेत जातात. पाच अंशांच्या वर त्याला पाचच तास मिळतात.

दक्षिणेला सर्वांत उंच असण्याच्या वेळा: १ मार्चला पहाटे ४:४०, १ एप्रिलला रात्री २:४०, १ मेला १२:४०, १५ मेला रात्री पावणेबारा, १ जूनला साधारण १०:४०. जूनमध्ये वेळ सोयीची होते आणि नेमके ढग येतात. म्हणून एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे.

घड्याळ न बघता ओळखायची खूण: स्वाती पुण्याच्या जवळजवळ बरोबर डोक्यावरून जाते. ती डोक्यावर आली की त्यानंतर २५ मिनिटांनी मित्र ठीक दक्षिणेला असतो. तिकडे तोंड करा. बुटके दोन ठळक तारे शेजारी दिसतील, मध्ये साडेचार अंश, म्हणजे तीन बोटं. डावा मित्र, उजवा मित्रक. त्यांना जोडणारी रेघ उजवीकडे वाढवली की त्रिशंकू. मे महिन्यात त्रिशंकू आधी मावळायला लागतो, म्हणून तो बघायचा असेल तर दोन तास लवकर जा.

कुठून बघावं? गच्चीवरून चालेल?

गच्ची उंच असेल आणि दक्षिणेला इमारत नसेल तर चालतं. डोंगर आड येतो का, हे आधीच काढता येतं: डोंगराची तुमच्यापेक्षा जास्त उंची भागिले अंतर, गुणिले ५७. तीन किलोमीटरवरचा तीनशे मीटर उंच डोंगर जवळपास सहा अंश खातो. उरतात साडेचार.

जागा निवडताना शहर तुमच्या *पाठीशी* हवं. शहराच्या उत्तरेला, चाकण-राजगुरुनगरकडे गेलात तर आकाश वर काळं मिळेल, पण पुण्याचा सगळा उजेड नेमका दक्षिणेच्या क्षितिजावर पसरलेला असेल. भोर, पानशेत, पुरंदरच्या बाजूला गेलेलं बरं. खेड-शिवापूरच्या महामार्गालगत नको. गडांवर आणि वनखात्याच्या हद्दीत रात्री थांबायला परवानगी लागते. ती आधी काढा.

मेमधला वळीव हा खरा दोस्त. संध्याकाळी धुवाधार पडून रात्री आकाश उघडलं, की धूळ खाली बसलेली असते आणि मित्र एकदम उठून दिसतो. एरवी त्या उंचीवर हवेचा थर डोक्यावरच्या पाचपट जाड असतो. तो ताऱ्याचा एखाददुसरा प्रतीएवढा उजेड गिळतो आणि त्याला तांबूस करतो. "फोटोत पांढरा-पिवळा, इथे लालसर का?" याचं उत्तर हेच.

ए आणि बी वेगळे दिसतील का?

६० ते ७० मिलिमीटरच्या भिंगाच्या दुर्बिणीतून, ८० ते १०० पट मोठं करून. १०×५० च्या द्विनेत्रीतून नाही. २०१६ च्या सुमारास ते फक्त ४ आर्कसेकंदांवर होते, त्यानंतर आकाशात दिसणारं अंतर वाढत गेलं आहे. २०३५ च्या पुढे मागे ते पुन्हा अगदी आवळतील, म्हणून ही काही वर्षं चांगली.

न दिसण्याचं कारण बहुतेक वेळा दुर्बीण नसून हवा असते. डोक्यावर जो तारा दोन आर्कसेकंद थरथरतो, तो दहा अंशांवर पाचाहून जास्त थरथरतो. शिवाय खालची हवा प्रिझमसारखं काम करते: ताऱ्याची एक कड निळी, एक लाल होते आणि तो उभा ताणला जातो. उपाय साधे. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा. सिमेंटची गच्ची टाळून मातीवर किंवा गवतावर मांडा. दर्शक भिंगाला हिरवा किंवा पिवळा फिल्टर लावा, रंगांच्या कडा गळतात. मग सर्वांत उंच वेळेच्या आगेमागे अर्धा तास डोळा लावून बसा. हवा मधूनच क्षणभर थबकते, आणि त्या क्षणी दोन ठिपके सुटे होतात.

प्रॉक्सिमा बघता येईल का?

डोळ्याने, पुण्याहून, नाही असंच समजा. तो ११ व्या प्रतीचा, त्यात पावणेनऊ अंशांपेक्षा वर येत नाही.

कॅमेऱ्याने मात्र जमतं. मित्र दक्षिणेला उंच असताना प्रॉक्सिमा त्याच्या खाली-उजवीकडे, २.२ अंशांवर असतो. ताऱ्यांमागे फिरणाऱ्या माउंटवर २०० मिलिमीटरची लेन्स, ३० सेकंदांचे ४०-५० फोटो, आणि ते एकावर एक रचायचे. लाल फिल्टर लावणं फायद्याचं: लाल रंगात हा तारा साडेनवव्या प्रतीचा, म्हणजे जवळपास पाचपट उजळ आहे, आणि धुरकट हवाही लाल प्रकाश कमी अडवते. अवरक्त अडवणारी काच काढलेला कॅमेरा असेल तर आणखी सोपं.

फोटोत शेकडो ठिपके येतील, कारण मागे आकाशगंगेचा पट्टा आहे. नकाशा न जुळवता "हाच तो" म्हणू नका. आणि नकाशा कोणत्या सालचा आहे ते बघा: प्रॉक्सिमा वर्षाला ३.८५ आर्कसेकंद सरकतो, त्यामुळे २००० सालच्या जागेवर तो आता नाही, दीडएक आर्कमिनिट बाजूला आहे. हे सरकणं स्वतः मोजता येतं. वरच्या लेन्सने आणि चार मायक्रॉनच्या पिक्सेलने तो वर्षाला जेमतेम एक पिक्सेल हलतो. दर मेमध्ये त्याच जुळणीने एक फोटो काढून ठेवा; पाचव्या वर्षी पहिल्या आणि शेवटच्या फोटोत सुमारे चार पिक्सेलचा फरक मिळायला हवा. फोटो जुळवताना संदर्भाला मित्र घेऊ नका, तोही जवळजवळ तितकाच सरकतो. आजूबाजूचे मंद तारे घ्या.